बंदर होईल, पण जहाज कधी येईल?

ग्रेट निकोबारबद्दल सध्या सगळ्यांना सगळं माहीत आहे. टीव्हीवर निवृत्त अधिकारी नकाशावर बोट ठेवून मलाक्काची सामुद्रधुनी दाखवतात, शेजारच्या चौकटीतले पर्यावरणवाले लेदरबॅक कासवांचं नाव काढतात आणि निवेदक दोघांनाही मधेच तोडून जाहिरातींकडे वळतो. तिथल्या नियोजित सरकारी प्रकल्पातली कंटेनर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर ही चौकडी एव्हाना वाचकांना तोंडपाठ झाली असेल. ७२ हजार कोटींवर सुरू झालेला खर्चाचा आकडा ८० हजारांच्या पुढे सरकला, तोडायच्या झाडांची संख्या सरकारने संसदेत ९ लाख ६४ हजार सांगितली आणि त्या बदल्यात झाडं लावायची ती हरियाणात, हेही चघळून झालं आहे. त्यात मी भर घालत नाही.

मला पडलेला प्रश्न अगदी बाळबोध आहे. आजच्या घडीला या बेटावर जायचं कसं? २०११ च्या जनगणनेत तिथे आठ हजारांच्या आसपास माणसं मोजली गेली. ती ये-जा कशी करतात? उत्तर एका ओळीत संपतं: सरकारी जहाजाने, मिळालं तर. पण प्रकल्पाच्या जाडजूड अहवालांतून कळत नाही ते या 'मिळालं तर'मधून कळतं, असं माझं मत होत चाललं आहे.

आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांचा शिरस्ता ठरलेला असतो. विमानाने पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम, पण रिक्षावाला अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो), सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीसमोर फोटो, संध्याकाळी प्रकाश-ध्वनीचा खेळ, दुसऱ्या दिवशी मॅकरुझसारख्या वातानुकूलित खासगी बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. दीड-दोन तासांत पांढरी वाळू. तिथून नील, मग परत. या वाटेवर समुद्र म्हणजे दोन हॉटेलांमधला रस्ता. यात वावगं काही नाही, मीही हे केलं आहे. पण या पर्यटनाच्या नकाशाला दक्षिण दिशाच नाही. पोर्ट ब्लेअरच्या खाली लिटल अंदमान, त्याच्या खाली दहा अंशांची खाडी, तिच्यापलीकडे निकोबारची बेटं आणि सगळ्यांत शेवटी ग्रेट निकोबार. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रमार्गे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून पणजीला जाण्याइतकंच. मुंबईहून रात्रीच्या बसने निघालेला माणूस सकाळी पणजीत चहा घेतो. इथे जहाज थेट निघालं तरी एका दिवसापेक्षा जास्त लागतं, आणि वाटेतली बेटं घेत गेलं तर दोन-तीन दिवस.

हेलिकॉप्टर आहे. जागा मोजक्या, त्यातही आजाऱ्यांना प्राधान्य आणि ते योग्यच. बेटावरच्या मुख्य गावी, कॅम्पबेल बेला, धावपट्टीही आहे, पण ती नौदलाची. २०१२ मध्ये 'आयएनएस बाझ' नावाने तो तळ सुरू झाला. बाकीच्यांनी जहाजाच्या तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं.

ही रांग हा स्वतंत्र विषय आहे. तिथे दोन तऱ्हेची माणसं असतात. एक, ज्यांच्याकडे इस्लँडर कार्ड आहे, म्हणजे बेटांचे रहिवासी. त्यांना भाडं खूपच कमी पडतं. दुसरे आपल्यासारखे मुख्य भूमीवरचे, ज्यांना अंदमानी हिंदीत 'मेनलँडवाले' म्हणतात. भाडं आपल्यालाही परवडतं, प्रश्न जागेचा असतो. जहाजाचा 'प्रोग्राम' लागला की तासाभरात रांग वाढते. प्रोग्राम म्हणजे कुठलं जहाज कधी सुटणार, कुठल्या कुठल्या बेटांना लागणार, याचा कागद. तो महिनोन्‌महिने आधी लागत नाही. हवा, दुरुस्ती, माल, कुठल्याशा बेटावर अचानक निघालेली गरज, अशा अनेक गोष्टींवर तो ठरतो आणि लागल्यावरही बदलतो. वर्तमानपत्रात सोन्याचा भाव बघावा तशी माणसं हा कागद बघतात.

जहाजावर डिलक्स केबिन असते, साधी केबिन असते आणि खाली बंक असतो. बंक म्हणजे मोठा हॉल, त्यात एकावर एक लोखंडी खाटा, रेक्झिनच्या गाद्या, वर पिवळे दिवे, आणि एंजिनाची धडधड जी पहिल्या रात्री झोपू देत नाही आणि दुसऱ्या रात्री थांबली तर जाग येते. जेवण कुपनावर: भात, डाळ, एक भाजी, अंडं किंवा मासा. ज्याला समुद्र लागतो त्याने कुपन काढू नये. मी काढलं होतं, शेजारच्या मुलाने माझं अंडं खाल्लं.

पण बंक बघण्यापेक्षा जहाजात चढणारा माल बघावा. बटाट्याची पोती, कांदे, अंड्यांचे ट्रे, गॅस सिलिंडर, एक मोटारसायकल (हँडलला अजून प्लास्टिक), प्लायवूड, औषधांची खोकी, वह्या. परतीच्या फेरीत हेच जहाज नारळ, खोबरं आणि सुपारी घेऊन येतं. म्हणजे एकाच जहाजावर एसटी, मालगाडी, पोस्टमन आणि रुग्णवाहिका अशी चार कामं. ते एक दिवस उशिरा आलं तर बेटावर टोमॅटो दिसत नाही.

बंकमध्ये माझ्या समोरच्या खाटेवर पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्यांच्या पायाशी पिशवीत पोर्ट ब्लेअरहून दुरुस्त करून आणलेला मिक्सर होता आणि त्या पिशवीवर सतत त्यांचा एक पाय. मी फोनवर मराठी बोललो तशी त्यांनी मान वर केली. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, फक्त मधूनच क्रियापद हिंदीचं यायचं. वडील फौजेत, मूळ गाव साताऱ्याकडचं, पण त्यांचा जन्म कॅम्पबेल बेचा.

हा धागा मराठी वाचकांना फारसा माहीत नाही, म्हणून जरा थांबतो. १९६९ पासून १९८० पर्यंत केंद्र सरकारने ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबं वसवली. पंजाब, महाराष्ट्र, केरळ, तामिळनाडू, आंध्र अशा राज्यांतून ही माणसं आली. कारण तेच, जे आजही सांगितलं जातं: सरहद्दीवरचं बेट मोकळं ठेवायचं नाही. प्रत्येक कुटुंबाला जमीन मिळाली, म्हणजे खरं तर जंगल मिळालं, त्याची जमीन त्यांनी केली. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी गावं किनाऱ्याने उभी राहिली. त्या बाई सांगत होत्या, त्यांच्याकडे लग्नाची तारीख भटजीला विचारून नव्हे, शिपचा प्रोग्राम बघून काढतात. पंजाबी सून, मल्याळी व्याही, मराठी सासू आणि सगळ्यांची भाषा अंदमानी हिंदी.

दहा अंशांची खाडी दीडशे किलोमीटर रुंद आहे आणि तिथे जहाज हलतं. पावसाळ्यात तर फारच. ती ओलांडली की कार निकोबार येतं, सपाट, नारळांनी गच्च भरलेलं. इथे आपल्याला उतरता येत नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमावलीनुसार निकोबारची बहुतेक भूमी आदिवासींसाठी राखीव आहे आणि ट्रायबल पास नसेल तर कठड्याला टेकून बघत राहायचं. हा नियम मला अतिशय आवडतो. पर्यटकाला 'नाही' म्हणणाऱ्या जागा देशात फार कमी उरल्या आहेत. (हाच नियम प्रकल्पासाठी मात्र वाकवता येतो.)

जिथे जेट्टीला लागता येत नाही तिथे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि किनाऱ्यावरून छोट्या होड्या येतात. शिडीखाली होडी लाटेबरोबर खालीवर होत असते. होडी वर आली की माणूस पाय टाकतो. आधी गोणी उतरतात, मग म्हाताऱ्या, मग मुलं, अगदी शेवटी एक डुक्कर, पाय बांधलेलं आणि प्रचंड संतापलेलं. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. कामोर्टाला नानकौरीचं नैसर्गिक बंदर आहे, दोन्ही बाजूंना हिरव्या टेकड्या, मधे तळ्यासारखं पाणी. त्याच्याच पश्चिमेला कचाल. २००० सालचा पहिला सूर्योदय बघायला या म्हणून त्या बेटाची जगभर जाहिरात झाली होती. पाच वर्षांच्या आत, २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी, त्सुनामीने कचालमध्ये हाहाकार केला. तेव्हा जाहिरात करणारे कोणी तिकडे फिरकले नसावेत.

इथून पुढे समुद्र मोकळा होतो, आणि रात्री डेकवर उभं राहिलं की माझं सगळं लक्ष दक्षिणेकडे लागायचं. ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला, बेट आणि सुमात्रा यांच्या मधून, जगातल्या सर्वांत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक जातो. बेटापासून सुमारे ४० सागरी मैलांवर. तेल, मोटारी, कपडे, खेळणी, सगळं मलाक्काकडे जातं-येतं. जगाची वाट पूर्व-पश्चिम आहे, बेटवाल्यांची उत्तर-दक्षिण. दोन्ही वाटा एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदतात आणि एकीवरचं जहाज दुसरीवरच्या माणसाच्या काहीही कामाचं नाही.

हे आजचं नाही. तंजावरच्या राजेंद्र चोळाच्या शिलालेखात 'नक्कवारम' येतं, तेही आरमारी मोहिमेत घेतलेल्या ठिकाणांपैकी एक म्हणून. अठराव्या शतकात डेन्मार्कने या बेटांवर झेंडा लावला, पुन्हा पुन्हा वसाहत करायचा प्रयत्न केला, माणसं तापाने मेली. शेवटी १८६८ मध्ये हक्क इंग्रजांना विकून मोकळे झाले. ज्या गॅलाथिया उपसागरात आज बंदर व्हायचं आहे त्याचं नावसुद्धा डॅनिश जहाजावरून पडलेलं आहे. ज्याला त्याला या बेटाचं महत्त्व पटलेलं असतं, आणि दर वेळी ते तिथून जाणाऱ्याच्या सोयीने पटलेलं असतं.

कॅम्पबेल बेला उतरलं की एक बाजारपेठ, सरकारी कार्यालयं, विश्रामगृह, शाळा, देऊळ, गुरुद्वारा, चर्च, मशीद. सरकारी बस आहे, जीपा आहेत. गावांना नावं असली तरी लोक पत्ता किलोमीटरमध्ये सांगतात, कारण सगळं एकाच रस्त्याला लागून. हा उत्तर-दक्षिण रस्ता इंदिरा पॉइंटकडे, म्हणजे बेटाच्या दक्षिण टोकाकडे, जायचा. त्सुनामीत तो जागोजागी समुद्रात गेला, मग टप्प्याटप्प्याने पुन्हा बांधला. बसच्या खिडकीतून डावीकडे समुद्र, उजवीकडे जंगल. ते इतकं दाट की दुपारी आत अंधार. त्या जंगलात शोंपेन आदिवासी राहतात, जेमतेम दोन-तीनशे. त्यांचा बाहेरच्यांशी संबंध नसल्यात जमा. रस्त्याकडेला एका ठिकाणी पालापाचोळा आणि वाळूचा कंबरभर उंच ढीग दिसला. कुणी झाडलोट करून लोटला असावा असं वाटलं, तर ते निकोबारी मेगापोडचं घरटं निघालं. हा कोंबडीएवढा पक्षी अंडी उबवत बसत नाही. ढिगात पुरतो आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उष्णतेवर सोडून देतो.

इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ २००४ पर्यंत कोरड्या जमिनीवर होता. भूकंपाने बेटाचं दक्षिण टोक सव्वाचार मीटर खाली गेलं. आता दीपस्तंभाच्या पायाशी पाणी आहे. सव्वाचार मीटर म्हणजे दीड मजला. हा आकडा वाचताना काही वाटत नाही, पण पाण्यात उभे वाळलेले माडांचे बुंधे बघितले की वाटतं.

इथे पुण्याच्या पंकज सेखसरियांबद्दल लिहायलाच हवं, भले संपादक म्हणोत की लेख प्रवासाचा होता. कल्पवृक्ष या संस्थेशी जोडलेला हा माणूस पाव शतकाहून अधिक काळ अंदमान-निकोबारचा पिच्छा पुरवतो आहे. 'ट्रबल्ड आयलंड्स', 'आयलंड्स इन फ्लक्स' ही पुस्तकं, 'द लास्ट वेव्ह' ही कादंबरी, आयआयटी मुंबईत अध्यापन आणि २०२४ मध्ये त्यांनी संपादित केलेलं 'द ग्रेट निकोबार बिट्रेयल'. टीव्हीवरचे विरोधक कासवांवर थांबतात. सेखसरिया जमिनीवर येतात. त्यांचा आग्रह असा की ही बेटं स्थिर नाहीत; भूगर्भाच्या दृष्टीने हा देशातला सर्वांत अस्वस्थ भाग आहे, आणि तिथे हजारो कोटी ओतताना या गोष्टीची चर्चा अगदी शेवटी, तळटीपेसारखी होते. मला त्यांचं आणखी एक म्हणणं महत्त्वाचं वाटतं. दिल्लीला ही बेटं कायम रिकामी दिसतात. तिथे आधीपासून कुणी राहतं, कुणाचं तरी तिथे गाव आहे, हे मोजणीत येत नाही. त्यांच्याशी मतभेद असणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या लिखाणात संरक्षणाच्या बाजूला पुरेशी जागा मिळत नाही असं मलाही वाटतं. पण इतकी वर्षं कागद जमवत बसणारा माणूस आपल्या पुण्याचा आहे आणि मराठी वर्तमानपत्रांतून त्याच्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही, हे काखेत कळसा असण्यातलंच.

रिकामं दिसण्याचं उदाहरण कॅम्पबेल बेमध्येच मिळतं. त्सुनामीपूर्वी निकोबारी लोकांची गावं पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर होती. वाचलेल्यांना राजीवनगर आणि न्यू चिंगेन्ह या वस्त्यांत आणून ठेवलं, पत्र्याच्या घरांत. तात्पुरतं म्हणून. त्यांचं मागणं एकच आहे, आम्हाला आमच्या गावी जाऊ द्या. त्यांच्या आदिवासी परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रकल्पाला ना-हरकत दिली आणि नोव्हेंबरमध्ये ती काढून घेतली, कारण प्रकल्पाच्या क्षेत्रात आपलीच जुनी गावं आहेत हे त्यांना आधी नीट सांगितलंच नव्हतं. त्याच नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी आली. गॅलाथिया उपसागराचं अभयारण्य तर त्याआधीच, जानेवारी २०२१ मध्ये, रद्द झालेलं.

सरकारची बाजू पोकळ नाही. भारताच्या ट्रान्सशिपमेंट मालापैकी, म्हणजे वाटेत जहाज बदलणाऱ्या मालापैकी, सुमारे तीन चतुर्थांश माल कोलंबो, सिंगापूर, क्लांग अशा परदेशी बंदरांत चढतो-उतरतो. तो पैसा बाहेर जातो. चीनच्या हालचाली पाहता मलाक्काच्या तोंडाशी डोळे असावेत हेही खरं. पण डोळे ठेवायला तळ लागतो, तो आहे, वाढवताही येईल. कंटेनरांचं गणित मात्र मला जुळत नाही. पूर्ण क्षमतेला हे बंदर वर्षाला १ कोटी ४२ लाख वीसफुटी कंटेनर हाताळणार, म्हणजे न्हावाशेव्याच्या जवळपास दुप्पट. न्हावाशेव्याच्या मागे मुंबई, पुणे, गुजरात, अर्धा देश आहे. गॅलाथियाच्या मागे जंगल आहे आणि सुपारी आहे. सगळा माल बाहेरून यायचा आणि बाहेर जायचा. आणि तोच माल ओढायला केरळात विळिंजम सुरू झालं, पालघरला ७६ हजार कोटींच्या वाढवणचा नारळ फुटला (तिथले मच्छीमार काय म्हणतात हे आपण रोज ऐकतोच). इतकी बंदरं एकाच मालावर डोळा ठेवून बसली तर कुणाच्या ताटात काय पडणार?

शिवाय विमानतळाची क्षमता गर्दीच्या तासाला ४ हजार प्रवासी आणि तीस वर्षांत वस्ती साडेतीन लाखांवर. आज ज्या बेटाला नियमित जहाज देता येत नाही त्या बेटासाठी हे आकडे. मजा म्हणजे २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली फायबर केबल ग्रेट निकोबारपर्यंत पोचली. बँकेचा ओटीपी लगेच येतो. टोमॅटोला जहाज लागतं.

कॅम्पबेल बेमधले सगळे प्रकल्पाच्या विरोधात आहेत असं मात्र समजू नका. त्या मिक्सरवाल्या बाई नव्हत्या. जमीन जाणार म्हणून धास्ती होती, मोबदला किती याची रोजची चर्चा होती, पण मोठं बंदर आलं की जहाजं वाढतील, चांगलं हॉस्पिटल येईल, मुलगा चेन्नईहून परत येईल, अशी आशाही होती. त्यांच्या या आशेची मला चेष्टा करता येत नाही. फक्त एवढंच म्हणायचं, की आठ हजार माणसांना हव्या असलेल्या गोष्टी, म्हणजे आठवड्याला ठरलेल्या वारी सुटणारं जहाज, हेलिकॉप्टरच्या चार जागा जास्त आणि कॅम्पबेल बेच्या दवाखान्यात एक सर्जन, यांना ८० हजार कोटी लागत नाहीत. कंटेनर जहाजं प्रवासी घेत नाहीत, हेही त्यांना कुणी सांगितलेलं दिसलं नाही.

हे वाचून कुणाला जावंसं वाटलंच तर जानेवारी ते एप्रिल हे महिने बरे, समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. कॅम्पबेल बेच्या महसुली भागाबाहेर, जंगलात किंवा आदिवासी वस्तीत, परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. रोजची औषधं दुप्पट घ्या, रोख पैसे घ्या, बंकसाठी चादर घ्या. बेटावर उतरल्यावर आधी तिकीट खिडकी गाठा आणि परतीच्या प्रोग्रामची चौकशी करा. पोर्ट ब्लेअरहून मुंबईचं विमान पकडायचं असेल तर मधे निदान चार दिवस मोकळे सोडा, आणि तारीख बदलता न येणारं स्वस्त तिकीट काढू नका.